शांघायचे पेन, मुंबईची शाई आणि वरोरच्या वह्या

१/
दीडशे-दोनशे रुपयांत मिळणारी चिनी शाईपेने गेल्या काही वर्षांत विद्यार्थ्यांच्या खिशांत पुन्हा दिसू लागली आहेत. हिरो, जिनहाव, विंगसंग ही नावे आता सर्वपरिचित आहेत. पेन कोणते घ्यावे यावर भरपूर चर्चा होते. शाई कोणती भरावी, हा प्रश्न मात्र बहुधा रंगाच्या आवडीवर सोडून दिला जातो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला त्या दौतीकडे पाहताना निराळाच प्रश्न पडतो. आज लिहिलेले हे शंभर वर्षांनी कोणाला वाचता येईल का? आजचा धागा या प्रश्नाविषयी आहे. त्यात पुणे, शांघाय, वर्धा ही गावे येतील, आणि डहाणू तालुक्यातील आमचे वरोरही येईल.

२/
मुख्य मुद्दा आरंभीच सांगते. विसाव्या शतकात स्वस्त शाईपेनामुळे लेखन सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. परंतु त्या पेनाला जी शाई मानवली, ती लेखनाच्या इतिहासातील अत्यंत अल्पायुषी शायांपैकी एक होती. त्यामुळे एक विचित्र स्थिती उद्भवली आहे. पेशवाईतील एखाद्या कारकुनाने लिहिलेला हिशेब आज सहज वाचता येतो, आणि पन्नास वर्षांपूर्वी एखाद्या खलाशाने किंवा कारागिराने लिहिलेली वही डोळ्यांदेखत पुसट होत चालली आहे.

३/
प्रथम जुन्या शाईविषयी. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल आहेत. ती अक्षरे आजही काळीभोर दिसतात, याचे कारण साधे आहे. ती शाई काजळीची होती. दिव्याची काजळी, डिंक आणि पाणी यांचे ते मिश्रण. काजळी म्हणजे कार्बन. प्रकाशाने तो विटत नाही, हवेने त्याचा रंग पालटत नाही. पोथ्यांसाठी लाख आणि टाकणखार घालून शाई अधिक पक्की करण्याच्या कृतीही आपल्याकडे होत्या. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेलाच वाहिला आहे. बोरू, कागद, शाई यांची निवड हा त्या काळी गांभीर्याने घेण्याचा विषय होता, याची त्यावरून कल्पना येते.

४/
काजळीच्या शाईत दोष नव्हता असे नाही. नुसत्या डिंकावर बांधलेली शाई पाणी पडले की फिसकटते. पण ती उडून जात नाही. डाग पडतो, अक्षर विद्रूप होते, तरी कागदावर काळे काहीतरी उरते. आणि जे उरते ते अभ्यासकाला लावता येते.

५/
इंग्रजी कचेऱ्यांत दुसरी शाई प्रचलित होती. मायफळातील टॅनिन आणि हिराकस, म्हणजे लोहाचे क्षार, यांच्यापासून ती करीत. लिहिताना फिकट असणारी ही शाई हवेतील प्राणवायूने हळूहळू काळी पडते आणि कागदाच्या तंतूंना घट्ट धरून राहते. तिला आपण सोयीसाठी लोहशाई म्हणू. तिचा अवगुण असा की ती आम्लधर्मी असते. मुंबईत एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात एकोणिसाव्या शतकातील कागद चाळताना काही पानांवर अक्षरांभोवती तपकिरी वलये दिसतात, क्वचित अक्षराच्या जागी कागदच फाटलेला असतो. शाईने कागद खाल्लेला असतो. तरीही नोंद टिकवायची तर लोहशाईच हवी, असा दीर्घकाळ दंडक होता. इंग्लंडमधील जन्म-विवाहांच्या नोंदवह्यांत तर ती विसाव्या शतकातही वापरली जात राहिली.

६/
आता पेनाकडे वळू. १८८४ साली न्यूयॉर्कमध्ये लुइस वॉटरमनने ज्या फाउंटन पेनाचे पेटंट घेतले, त्याची किमया निबाखालच्या जिभेत होती. तिच्यातील बारीक खाचांतून शाई उतरते आणि तितकीच हवा वर चढते. या खाचा केसासारख्या बारीक असतात. काजळी हे विरघळलेले द्रव्य नाही. ते तरंगणारे कण आहेत. जुनी काजळीची शाई अशा पेनात भरली की कण खाचांत बसतात, वाळतात आणि पेन कायमचे मुके होते. म्हणजे शेकडो वर्षे टिकलेली आपली शाई नव्या यंत्राला चालेनाशी झाली.

७/
लोहशाई चालत असे, पण ती साध्या पोलादी निबाला गंजवी. सोन्याच्या निबाला तिचे काही वाटत नसे. इथे पैशाचा प्रश्न आला. ज्याच्यापाशी सोन्याच्या निबाचे पेन, त्याने टिकाऊ शाई वापरावी. ज्याच्यापाशी पोलादी निब, त्याने सौम्य शाईवर भागवावे. अशी सौम्य शाई रसायनशास्त्राने तोवर सिद्ध करून ठेवली होती. १८५६ साली विल्यम पर्किन या तरुणाला दगडी कोळशाच्या डांबरापासून जांभळा रंग गवसला आणि तेथून कृत्रिम रंगांचे युग सुरू झाले. पाण्यात पूर्ण विरघळणारे, कण न सोडणारे, निबाला न खाणारे हे रंग पेनासाठी उत्तम होते. फक्त ते कागदाला धरून राहत नाहीत. पाण्याने निघून जातात, उन्हाने विटतात.

८/
शाळकरी मुलांच्या परिचयाची ‘रॉयल ब्ल्यू’ ही याच घराण्यातली. तिच्यातील निळा रंग इतका हळवा असतो की सल्फाइटसारख्या साध्या रसायनाच्या स्पर्शाने तो रंगहीन होतो. जर्मन शाळांतील मुले अशा खोडपेनाने चुका पुसतात. कपड्यावर सांडली तर आईची बोलणी कमी खावी लागावीत, हा या शाईचा मोठा गुण मानला गेला. पार्कर कंपनीने १९३१ मध्ये ‘क्विंक’ ही लवकर वाळणारी शाई आणली, तीही धुऊन निघणारी आणि पक्की अशा दोन प्रकारांत विकली जाई. म्हणजे निवड करावी लागते हे उत्पादकांना ठाऊक होते आणि बाटलीवर ते लिहिलेलेही असे. ते वाचून शाई घेणारे किती, हा वेगळा प्रश्न.

९/
१९३१ हे साल लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्याच वर्षी मुंबईत दिगंबर परशुराम दांडेकर यांनी बंधूंच्या साथीने ‘दांडेकर आणि कंपनी’ काढली आणि ‘हॉर्स ब्रँड’ नावाने शाईची पूड व वड्या विकण्यास आरंभ केला. पुढे शाईपेनांसाठी ‘कॅमल’ शाई आली. कॅमल आणि इंक यांची सांगड घालून ‘कॅम्लिन’ हे नाव घडले आणि महाराष्ट्रातील जवळपास प्रत्येक शाळेच्या दप्तरात जाऊन बसले.

१०/
आणि त्याच १९३१ साली शांघायमध्ये ‘हुआफू’ नावाचा पेनांचा कारखाना निघाला. आज आपण ज्याला ‘हिरो’ म्हणतो त्याचा हा पूर्वज. त्या सप्टेंबरात जपानने मांचुरियावर आक्रमण केले होते, शांघायमध्ये जपानी मालावरील बहिष्कार पेटला होता आणि ‘राष्ट्रीय माल वापरा’ ही चळवळ जोरात होती. इकडे आपल्याकडे सविनय कायदेभंगाचे पर्व चालू होते. दोन्ही देशांत परदेशी पेन हे प्रतिष्ठेचे आणि म्हणूनच खुपणारे चिन्ह झाले होते. एका योगायोगावर फार मोठा डोलारा उभारू नये, हे मला मान्य आहे. पण आज ‘चिनी माल’ म्हणून ज्याच्याकडे पाहिले जाते, तो जन्माने त्यांचा स्वदेशी माल होता, एवढे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

११/
आपल्याकडील स्वदेशी पेनाची कथा वर्ध्याशी जोडलेली आहे. राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी घडवलेले पेन अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या कुमारप्पांमार्फत गांधीजींकडे पोहोचले. जुलै १९३५ मध्ये गांधीजींनी रत्नम यांना पत्र लिहून पेन मिळाल्याचे आणि बाजारातील परदेशी पेनांना ते चांगला पर्याय वाटत असल्याचे कळवले. बंगालमध्ये १९३४ साली मैत्र बंधूंनी ‘सुलेखा’ शाईचा उद्योग सुरू केला, त्यामागेही स्वदेशी शाईची हीच निकड होती.

१२/
इथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. पेन स्वदेशी, शाईही स्वदेशी. पण त्या शाईतील रंग? तीसच्या दशकात कृत्रिम रंगांचा मोठा उद्योग भारतात नव्हता. रंग युरोपातून येत. हा पेच सुटायला स्वातंत्र्य उजाडावे लागले. कस्तुरभाई लालभाई यांनी अमेरिकी सायनामिड कंपनीच्या सहकार्याने ‘अतुल’ची स्थापना १९४७ मध्ये केली आणि १९५२ मध्ये नेहरूंच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. हा कारखाना वलसाडजवळ आहे. डहाणू रोडहून उत्तरेकडे जाणाऱ्या गाडीत बसलात की वाटेत लागतो.

१३/
म्हणजे आमचा किनारा या कथेत अकस्मात येत नाही. अतुल, वापी, तारापूर ही या रेल्वेमार्गावरची गावे भारतीय रंगउद्योगाची ठाणी झाली. वरोरहून दक्षिणेला चिंचणी, खाडीपलीकडे तारापूर आणि पूर्वेला बोईसरलगतची औद्योगिक वसाहत. त्या वसाहतीत कॅम्लिनचाही कारखाना आला. त्याच वसाहतीच्या सांडपाण्याविरुद्ध मांगेला समाजाच्या संघटनेने २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. तो दोष दप्तरातल्या दौतीवर ढकलणे अन्यायाचे होईल. रंग आणि रसायने यांचा तो सबंध पसारा आहे. तरी ज्या किनाऱ्याने देशाला रंग पुरवला, त्या किनाऱ्याच्या मासेमारांनी पाण्याचा रंग बदलल्याची तक्रार न्यायासनापुढे मांडावी, ही नोंद शाईच्या इतिहासात असायला हवी असे मला वाटते.

१४/
लिहिणारे कोण होते? डहाणू-तलासरीच्या अंतर्भागात हा प्रश्न टोकदार आहे. वारली कुळाचे कर्ज सावकाराच्या वहीत सावकाराच्या अक्षरात असे. कुळाचा फक्त अंगठा. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी आयुष्यभर राबणाऱ्यांना लग्नगडी म्हणत. २३ मे १९४५ रोजी झरी येथे झालेल्या परिषदेतून वारल्यांचा लढा उभा राहिला, आणि त्याचा वृत्तान्त गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये लिहिला. या भागाच्या जुन्या कागदांत लेखणी कोणाच्या हाती होती हे विसरून ते वाचता येत नाहीत. अंगठा दिसतो, अंगठा देणाऱ्याचे म्हणणे दिसत नाही.

१५/
त्याच १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळाच कुरणात नेण्याचा त्यांचा प्रयोग सर्वज्ञात आहे. साक्षरतेच्या अशा प्रयत्नांमधून पुढच्या दोन-तीन दशकांत घरातला पहिला लिहिणारा माणूस अनेक घरांत तयार झाला. त्याच्या हाती आले ते स्वस्त पेन, आणि त्या पेनात होती ती रंगाची, धुऊन जाणारी शाई.

१६/
किनाऱ्यावरचे चित्र थोडे निराळे, तरी निष्कर्ष तोच. वरोर, वाढवण, चिंचणी या पट्ट्यात मासेमारी आणि शेतीच्या जोडीला डाय बनवण्याचा व्यवसाय घरोघरी चालत आला आहे. धातूच्या ठोकळ्यावर नक्षी कोरायची. सराफ त्या साच्यावर सोन्याचा पातळ पत्रा दाबून दागिन्याचा आकार उठवतात. हे काम करणाऱ्याला वही लागते. कोणाची मागणी, कोणता नमुना, किती दिवसांची मुदत, किती उचल. अशा वह्या कोणत्याही अभिलेखागारात नाहीत. त्या माळ्यावर, ट्रंकेत, देवघराच्या खणात आहेत.

१७/
आमच्या घरीही अशा दोन वह्या आहेत. आजोबांनी सत्तरच्या दशकात लिहिलेल्या. एक निळ्या शाईत, दुसरी पेन्सिलीत. एका पावसाळ्यात कौल सरकले आणि दोन्ही भिजल्या. पेन्सिलीची वही आज अक्षरशः जशीच्या तशी वाचता येते. निळ्या वहीची मधली चाळीस-एक पाने आकाशासारखी सरसकट फिकट निळी झाली आहेत. नक्षीची रेखाचित्रे जिथे होती तिथे केवळ निबाचा दाब बोटाला लागतो. तिरपा प्रकाश टाकून मी त्यातील काही नावे लावली. काही लागली नाहीत.

१८/
पेन्सिल टिकली कारण ग्रॅफाइट हाही कार्बनच. म्हणजे काजळीचा सोयरा. गमतीचा भाग असा की अभिलेखागारांच्या वाचनकक्षांत संशोधकाला साधारणतः पेन्सिलच वापरू देतात, शाईपेन बाहेर ठेवावे लागते.

१९/
आता चिनी पेनाच्या उत्तरार्धाकडे. पार्करने १९४१ मध्ये ‘५१’ हे पेन बाजारात आणले. कंपनीच्या एक्कावन्नाव्या वर्षी, १९३९ मध्ये, ते सिद्ध झाले म्हणून ते नाव. निब जवळपास पूर्ण झाकलेला, त्यामुळे शाई लवकर सुकत नसे. १९५८ मध्ये, माओंच्या ‘मोठ्या झेपे’च्या काळात, शांघायच्या कारखान्याने पार्करला गाठण्याची जाहीर प्रतिज्ञा केली, ‘हिरो १००’ हे तिचे फळ. या प्रतिज्ञेवर १९६० मध्ये चित्रपटही निघाला. पेनावर चित्रपट! पुढे ‘हिरो ६१६’ आले. झाकलेला निब, आत दाबून भरायची नळी, वर चकाकते टोपण. पार्कर ५१ चेच रूप, परंतु सोन्याऐवजी पोलादी निब आणि शिक्षक-विद्यार्थ्यांना परवडेल अशी किंमत.

२०/
भारत-चीन व्यापार १९६२ च्या युद्धाने तुटला, तो अधिकृतपणे १९७८ मध्ये पुन्हा सुरू झाला; १९८४ मध्ये व्यापार करार झाला. ऐंशी-नव्वदच्या दशकांत शाळेत असलेल्या मराठी पिढीला ‘हिरो पेन’ हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. दहावीला चांगले गुण मिळाले की मामाने किंवा आत्याने द्यायची ती वस्तू होती. मुंबईच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर पेनांचा घाऊक बाजार; तिथून वाणगाव-डहाणूपर्यंतच्या दुकानांत पोहोचायला एक गाडी पुरे. मग बॉलपेन सर्वत्र पसरले आणि शाईपेन मागे पडले. २०२० मध्ये गलवाननंतर चिनी मालावरील बहिष्काराची हाक आली. त्याच वर्षाच्या अखेरीस सुलेखाने आपल्या शाया नव्याने बाजारात आणल्या. १९३१ मधील मुंबई आणि शांघाय यांची आठवण व्हावी असा हा प्रसंग, फक्त या वेळी दोन्ही स्वदेशी एकमेकांसमोर उभे होते.

२१/
खरेदी करताना कोणी कोणता देश निवडावा, हे मी सांगणार नाही. वापराच्या दृष्टीने पाहिले तर आजच्या स्वस्त चिनी पेनांत दोन गुण मला दिसतात. एक, त्यांचे बारीक निब. आपल्या वह्यांचा कागद पातळ. जाड निबाची शाई त्यावर फुटते, मागच्या पानावर उमटते. चिनी बारीक निब कमी शाई सोडतो आणि जोडाक्षरे, वेलांट्या, अनुस्वार स्वच्छ येतात. देवनागरीसाठी हे महत्त्वाचे आहे. दोन, निब आता गंजरोधक पोलादाचे असतात. साध्या पोलादामुळे गरिबाच्या पेनाला लोहशाई वर्ज्य होती, ते कारण बरेचसे संपले आहे.

२२/
त्यांचे दोषही सांगायला हवेत. एकाच ठशाच्या दहा पेनांतील दोन खरखरीत निघतात. निबाच्या दोन पात्या सरळ रेषेत आहेत का, हे भिंगाने पाहून नखाने हलके जुळवावे लागते. आटे सैल असले की टोपणात शाई जमते. नवे पेन आधी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवावे. कारखान्यातील तेलाचा अंश उरला असेल तर शाई अडखळते. आणि निबाच्या चिरेत ब्लेड घालण्याची जुनी शालेय सवय सोडून द्यावी.

२३/
शाईविषयी माझे मत असे. परीक्षेसाठी, कच्च्या टिपणासाठी कोणतीही सौम्य निळी शाई उत्तम. कॅमल आहे, सुलेखा आहे, स्वस्त आहेत, पेनाला जपतात. ज्याची नोंद राहावी असे वाटते, उदाहरणार्थ घरचा जमाखर्च, जमिनीच्या व्यवहाराचे टिपण, वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली हकिगत, त्याला ती शाई वापरू नये. तेथे शाईपेनासाठी बनवलेली लोहशाई किंवा अतिसूक्ष्म कणांची कार्बन शाई घ्यावी. दोन्ही महाग आहेत, दोन्ही पेनात वाळल्या तर त्रास देतात. चित्रकलेची ‘वॉटरप्रूफ’ काळी शाई मात्र चुकूनही पेनात भरू नये; तिच्यातील लाखेने पेन एका रात्रीत निकामी होते.

२४/
इथेच स्वस्त पेन उपयोगी पडते. वारशाने मिळालेल्या पेनात कार्बन शाई भरायला हात धजत नाही. दीडशे रुपयांचे पेन केवळ त्या एका शाईसाठी राखून ठेवता येते. रोज दोन ओळी लिहिल्या, महिन्यातून एकदा धुतले, तर ते वर्षानुवर्षे चालते. नाही चाललेच तर नुकसान दीडशे रुपयांचे.

२५/
बाटलीवरच्या ‘पर्मनंट’ या शब्दावर विसंबू नये. घरी कसोटी घ्यावी. वहीच्या कागदावर तीन ओळी लिहून दिवसभर वाळू द्याव्यात. एका ओळीवर पाण्याचे थेंब टाकून पाच मिनिटांनी टिपकागदाने टिपावेत. दुसरी ओळ अर्धी पुठ्ठ्याने झाकून महिनाभर खिडकीत उन्हात ठेवावी. तिसरी कपाटात, तुलनेसाठी. महिन्याअखेर झाकलेल्या-उघड्या भागांतील फरक पाहिला की काही सांगावे लागत नाही. मी घेतलेल्या कसोटीत निळी ओळ पाण्याखाली नाहीशी झाली आणि उन्हात निम्म्याने उतरली; लोहशाई उन्हात किंचित तपकिरी झाली, पाण्याला दाद दिली नाही; कार्बन शाईत मला फरक दिसला नाही.

२६/
खाऱ्या, दमट हवेत राहणाऱ्यांसाठी एक पुरवणी. लोहशाईची वही प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवू नये. ओलावा कोंडला की आम्लाचे काम वाढते. सुती फडक्यात गुंडाळून, जमिनीपासून उंच, भिंतीला न टेकवता ठेवावी. जुने रुमाल याच रीतीने बांधलेले असतात. आधीच पुसट झालेल्या वहीचे छायाचित्र शक्य तितक्या लवकर घ्यावे: प्रकाश एका बाजूने आणि तिरपा. रंग गेला तरी निबाची चर काही काळ शिल्लक असते.

२७/
घाई कशासाठी, तर हा किनारा झपाट्याने बदलतो आहे. १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या वाढवण बंदराला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्टला पालघरमध्ये पायाभरणी झाली. बंदराच्या बाजूने किंवा विरोधात असणाऱ्यांचा युक्तिवाद मी येथे मांडत नाही. पण एवढ्या मोठ्या प्रकल्पाची सरकारी कागदपत्रे उत्तम छपाईत, अनेक प्रतींत राहतील. बोटींचे हिशेब, डायच्या नक्ष्या, वाड्यांच्या वाटण्या, कोणत्या खडकापाशी कोणते जाळे टाकायचे याची टिपणे ही एकेका प्रतीत आणि बहुतेक रॉयल ब्ल्यूमध्ये आहेत. जुनी घरे पाडताना, दुरुस्त करताना सर्वांत आधी माळ्यावरचे कागद रद्दीत जातात.

२८/
डहाणू, तलासरी, पालघर भागातील वाचकांना विनंती. आपल्या घरी १९९० पूर्वीच्या हस्तलिखित वह्या असतील तर एक पान उघडून पाहा आणि इथे तीन गोष्टी लिहा: साधारण कोणत्या वर्षातील, कोणत्या रंगाच्या शाईत किंवा पेन्सिलीत, आणि आज कितपत वाचता येते. नावे, रकमा, जमिनीचे तपशील टाकू नका. गावनिहाय तक्ता करून मी पुढील धाग्यात देईन. मोडी कागद निघाला तर तो ओल्या फडक्याने पुसू नका. काजळीची शाई तेवढ्याने जाते.